फिल्मची साक्ष : स्कॅन केलेल्या छायाचित्रांच्या संपादनाविषयी

फिल्मवर टिपलेले छायाचित्र स्कॅन करून संगणकावर आणले की त्याला सॉफ्टवेअरचा हात लावणे हा फिल्मशी द्रोह आहे, असे मानणारा एक वर्ग फिल्मकडे नव्याने वळलेल्या तरुण छायाचित्रकारांमध्ये आहे, तसाच तो जुन्या जाणत्यांमध्येही आहे. स्कॅनरमधून जे आले ते शुद्ध आणि त्यानंतर जे केले ती भेसळ, अशी या वर्गाची मांडणी असते. दुसरा वर्ग याच्या नेमके उलट बोलतो: डार्करूममध्येही फेरफार होतच होते, तेव्हा आता संगणकावर काहीही केले तरी बिघडत नाही. हे दोन्ही वर्ग एकमेकांचे विरोधक दिसत असले, तरी दोघांचे पाऊल एकाच जागी चुकते. निगेटिव्ह म्हणजे तयार चित्रच असे दोघेही धरून चालतात. पहिल्याला ते चित्र जपायचे असते आणि दुसऱ्याला ते बदलण्याची मुभा हवी असते. वस्तुतः निगेटिव्ह ही एका ठिकाणी, एका क्षणी पडलेल्या प्रकाशाची नोंद असते. ती वाचावी लागते, आणि वाचणाऱ्याला निर्णय घेतल्यावाचून ती वाचता येत नाही. मात्र वाचताना तिच्यात नसलेला मजकूर घुसडण्याचा अधिकार त्याला त्यामुळे मिळत नाही. स्कॅन केलेल्या छायाचित्राच्या संपादनाचा विचार या दोन मर्यादांच्या आत करावा लागतो, आणि तो करायचा तर फिल्मवर नेमके काय उरलेले असते हे आधी पाहणे भाग आहे.

फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या प्रकाशसंवेदी क्षारांचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांचे विकासक द्रवात धातुरूप चांदीत रूपांतर होते, न पडलेले स्फटिक पुढच्या द्रवात विरघळून निघून जातात, आणि जिथे प्रकाश अधिक पडला तिथे निगेटिव्ह अधिक काळी होते. हा काळेपणा मोजण्याच्या परिमाणाला घनता म्हणतात. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी 1890 मध्ये प्रकाशाची मात्रा आणि घनता यांचा संबंध एका वक्ररेषेने मांडला, आणि प्रत्येक फिल्मचा स्वभाव आजही अशाच वक्ररेषेने सांगितला जातो. ही रेषा मध्यभागी जवळजवळ सरळ चढते आणि दोन्ही टोकांना मात्र वळून आडवी होते, म्हणजे गडद सावल्या आणि प्रखर उजेड यांतले भेद फिल्म दाबून, आखडून नोंदवते. डोळ्याला दिसलेले दृश्य आणि फिल्मवर उतरलेली नोंद यांच्यात असे एक भाषांतर आधीच झालेले असते, आणि तेही फिल्म कोणती, ती किती वेळ व किती तापमानाला धुतली, यांवर ठरलेले असते.

रंगीत निगेटिव्हची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि स्कॅनची ‘शुद्धता’ सर्वांत आधी तिथेच निकालात निघते. रंगीत फिल्ममध्ये चांदी शेवटपर्यंत राहत नाही. ती काढून टाकली जाते आणि तिच्या जागी तयार झालेली तीन रंगद्रव्ये, म्हणजे पिवळे, किरमिजी आणि निळसर हिरवे, एवढीच तीन थरांमध्ये उरतात. या द्रव्यांपैकी निळसर हिरव्याने फक्त तांबडा प्रकाश अडवावा आणि किरमिजीने फक्त हिरवा, अशी अपेक्षा असते. पण प्रत्यक्षात ती दोन्ही नको तो प्रकाशही थोडाथोडा अडवतात आणि त्यामुळे रंग गढूळ होतात. कोडॅकमधील वेस्ली हॅन्सन यांनी 1940 च्या दशकात यावर उपाय काढला. ज्या रसायनांपासून ही द्रव्ये बनतात ती रसायनेच त्यांनी मुळात रंगीत ठेवली. त्यामुळे जिथे द्रव्य बनते तिथे द्रव्याचा दोष राहतो, जिथे बनत नाही तिथे उरलेल्या रसायनाचा रंग राहतो, आणि दोन्हींची बेरीज सगळीकडे सारखी झाल्याने तो दोष एका समान पडद्यात बदलतो. रंगीत निगेटिव्ह हाताळणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला नारिंगी रंग तो हाच. छपाईचा कागद हा पडदा गृहीत धरूनच बनवला जात असे, त्यामुळे डार्करूममध्ये त्याची अडचण नव्हती. स्कॅनरला त्याची काही कल्पना नसते. अशा निगेटिव्हचा स्कॅन नुसता उलटा केला, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे केले, तर निळ्या छटेत बुडालेले, उतरल्या चेहऱ्याचे एक चित्र समोर येते आणि ते कोणालाही खरे वाटणार नाही. त्यातून पडदा वजा करणे, तिन्ही रंगांचा तोल ठरवणे आणि फिल्मने आखडून घेतलेले उजेड-सावलीचे भेद पुन्हा ताणणे, एवढे केल्यावरच चित्र दिसू लागते. यांतला प्रत्येक टप्पा हा निर्णय आहे. तो माणसाने घेतला नाही तर यंत्र घेते, एवढाच फरक.

यंत्राने घेतलेला निर्णय तटस्थ असतो हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. रंगीत कॉपी काढून देणाऱ्या लॅबमधील यंत्रे अनेक दशके एका गृहीतावर चालत आली: कोणत्याही सर्वसाधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र घोटले तर त्यांची सरासरी करडी येते, म्हणून निगेटिव्हची सरासरी करडी करून दिली की रंग बरोबर. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित सुधारणाही बहुतांशी याच वाटेने जाते. दृश्य खरोखर सर्वसाधारण असेल तर हे गृहीत चांगले चालते. पण श्रावणातल्या कोकणात काठोकाठ भातशेतीने भरलेली चौकट घेतली तर यंत्राला तो हिरवा रंग दोष वाटतो, ते त्यावर किरमिजी छटा चढवते आणि खाचरे मळकट दिसू लागतात. पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांनी भरलेली पालखीची वाट त्याच हिशेबात राखाडी होते, आणि लाल शालूतल्या वधूचा चेहरा हिरवट पडतो. लॅबच्या परिभाषेत अशा चौकटीला विषयामुळे आलेले अपयश म्हणत असत, म्हणजे दृश्यच यंत्राच्या अपेक्षेत बसले नाही. वास्तविक अपयश गृहीताचे होते. जो छायाचित्रकार असा स्कॅन तसाच ठेवून त्याला ‘हात न लावलेला’ म्हणतो, त्याच्या चित्राला हात लागलेला असतोच. तो कारखान्यात बसून सरासरी ठरवणाऱ्या अभियंत्याचा असतो, ज्याने ती भातशेती कधी पाहिलेली नसते.

याच यंत्रांच्या इतिहासातली एक गोष्ट भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवावी. रंगीत छपाईचा तोल ठरवण्यासाठी लॅबना एक नमुनाचित्र पाठवले जाई आणि त्यात बहुधा गोऱ्या त्वचेची तरुणी असे. कोडॅकच्या अशा नमुन्याला व्यवसायात ‘शर्ली’ हेच नाव पडले होते. ती त्वचा बरोबर उतरली म्हणजे यंत्र बरोबर, असे मानण्याची रीत दीर्घकाळ चालली आणि सावळ्या, काळ्या त्वचेतले उजेडाचे बारीक भेद त्या मोजमापात फारसे धरलेच गेले नाहीत. म्हणून जुन्या रंगीत निगेटिव्हचा स्कॅन हाती आल्यावर त्वचेचा रंग लॅबने दिला तोच प्रमाण मानण्याचे कारण नाही. निगेटिव्हमध्ये बरेचदा त्या कॉपीपेक्षा अधिक काही असते आणि ते बाहेर काढणे हे संपादनाचे न्याय्य काम आहे. पण त्याच सॉफ्टवेअरने आजी-आजोबांना चार छटा गोरे करून देण्याची जी सवय आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंनी लावली, तिचा या कामाशी काडीचा संबंध नाही. निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालवून सुरकुत्या आणि डाग झाकण्याचे रीटचिंग आपल्याकडे जुनेच आहे, हे खरे. म्हणून चेहऱ्याचा वर्ण पुसण्याला परंपरेचा आधार मिळतो असे नाही. फिल्मने नोंदवलेला माणूस नाकारून त्याच्या जागी दुसरा बसवणे हा त्या माणसाचा अवमान आहे, आणि तो मेल्यानंतर केलेला असल्यामुळे अधिकच लागणारा आहे.

डार्करूमचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते, तेव्हा ते नीट पाहिले पाहिजे. आज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जी हत्यारे दिसतात त्यांतल्या अनेकांची नावे डार्करूममधूनच आलेली आहेत. निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली प्रकाश पडत असताना हात किंवा पुठ्ठा आडवा धरून एखादा भाग उजळ ठेवणे म्हणजे डॉजिंग, आणि एखाद्या भागावर जादा वेळ प्रकाश पाडून तो गडद करणे म्हणजे बर्निंग. चित्र अधिक रेखीव करणाऱ्या ज्या हत्याराच्या नावात धूसर पडद्याचा उल्लेख येतो, तेही मूळचे डार्करूमचे तंत्र आहे. निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली उलटी प्रत तिच्यावर ठेवून छपाई केली की कडा उठून दिसत. थॉमस आणि जॉन नोल या भावांचे फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आले तेव्हा या कृतींना अनेक दशकांची वहिवाट होती.

अमेरिकी निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ हे चित्र या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. 1941 च्या शरद ऋतूत, मावळत्या उजेडात घेतलेल्या या एकाच निगेटिव्हवरून ॲडम्स यांनी पुढच्या काही दशकांत 1300 हून अधिक प्रती काढल्या. सुरुवातीच्या प्रतींमध्ये आकाश करडे असून त्यात फिकट ढगांच्या रेघा दिसतात. नंतरच्या प्रतींमध्ये ते जवळजवळ काळेभोर होते आणि चंद्र एकाकी तळपतो. 1948 मध्ये तर त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तिथली घनता वाढवली, म्हणजे नोंदीलाच हात लावला, कारण चित्रातल्या दफनभूमीतील क्रुसांवरचा मावळता उजेड फार क्षीण नोंदला गेला होता. यांतली खरी प्रत कोणती, हा प्रश्न निरर्थक आहे. कीर्तनकार अभंग एकच घेतो आणि प्रत्येक रात्री त्याचे निरूपण वेगळे होते. अभंगाबाहेर तो गेला की श्रोत्यांना कळते. ॲडम्स यांच्या सगळ्या प्रतींत चंद्र तिथेच आहे, क्रूस तेवढेच आहेत आणि ढगांची रेघ जिथे फिल्मने नोंदवली तिथेच आहे. बदलले ते वजन, कशाला किती महत्त्व द्यायचे याचे.

याच्या शेजारी 1982 सालच्या फेब्रुवारीतले ‘नॅशनल जिओग्राफिक’ या मासिकाचे मुखपृष्ठ ठेवावे. गिझाच्या पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठात बसत नव्हते, म्हणून ते संगणकात घेऊन एक पिरॅमिड दुसऱ्याच्या जवळ सरकवण्यात आला. फोटोशॉपच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट आहे, आणि फिल्मवरचे चित्र संगणकात घेऊन बदलल्याच्या गाजलेल्या पहिल्या काही उदाहरणांत तिची गणना होते. छायाचित्रकार थोडा बाजूला उभा राहिला असता तर असेच दिसले असते, अशा स्वरूपाचे समर्थन त्या वेळी झाले. पण तो तिथे उभा राहिला नव्हता, आणि फिल्मला त्याची जागा माहीत होती. बदलाचे माप मोजले तर ॲडम्स यांनी संपूर्ण आकाश पालटले आणि मासिकाने केवळ एक आकृती थोडी हलवली. तरीही पहिले वाचन ठरते आणि दुसरे खोटी साक्ष ठरते. संपादन किती केले या प्रश्नाने काही निष्पन्न होत नाही, ते यामुळे. डार्करूमही या बाबतीत निष्पाप नव्हती: वृत्तछायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या चित्रात दुसऱ्या निगेटिव्हवरचा हात आणि करवतीची मूठ कोपऱ्यात आणून बसवली होती. वृत्तचित्रणात हे मान्य होण्यासारखे नव्हते आणि नाही, मग हत्यार एन्लार्जर असो की संगणक.

तेव्हा पहिली कसोटी अशी निघते, की अंतिम चित्रातली प्रत्येक वस्तू फिल्मवर त्याच जागी दाखवता आली पाहिजे. ही कसोटी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. 1994 च्या जूनमध्ये खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर एकाच आठवड्यात आले. पहिल्याने ते काळवंडून, कडा अंधारात बुडवून छापले होते आणि दुसऱ्याने जवळजवळ जसेच्या तसे. एकही वस्तू हलली नव्हती, तरी आरोपीच्या काळ्या त्वचेला अधिक काळे करून वाचकाच्या मनात निवाडा आधीच पेरला गेला, म्हणून त्यावर कठोर टीका झाली आणि ती योग्यच होती. केवळ छटा बदलूनही खोटे बोलता येते. ॲडम्स यांचे काळे आकाश निसर्गचित्राच्या कलावंताने आपल्या नावावर दिलेले निरूपण होते. ‘टाइम’चे चित्र बातमी म्हणून आले होते. त्यामुळे फिल्मशी असलेल्या नात्यासोबत, ते चित्र वाचकापुढे काय म्हणून ठेवले जाते, हेही पाहावे लागते. यासाठी एखादे सूत्र सांगता येत नाही. संपादकाचा विवेकच तिथे लागतो, आणि विवेकाची जागा सूत्राने भरता येत नाही याबद्दल खंत करण्याचे कारण नाही.

धूळ आणि चरे यांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण नोंद आणि नोंदीवर नंतर बसलेला मळ यांतला भेद त्यात स्पष्ट होतो. निगेटिव्हवर चिकटलेला कण दृश्यात कधीच नव्हता. तो काढणे म्हणजे नोंद साफ करणे. काही स्कॅनर यासाठी अवरक्त किरणांचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशाचा उपयोग करतात. रंगीत फिल्ममधली द्रव्ये या किरणांना अडवत नाहीत, धूळ आणि चरे मात्र अडवतात, त्यामुळे दोषांचा एक वेगळा नकाशाच मिळतो आणि सॉफ्टवेअर त्या जागा शेजारच्या भागावरून भरून काढते. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीचे असते आणि चांदी हे किरण अडवते, म्हणून यंत्राला चित्र आणि धूळ यांतला फरक कळत नाही आणि हे काम डोळ्यांना ताण देऊन हातानेच करावे लागते. एका दृष्टीने ते बरेच आहे. भरून काढलेली प्रत्येक जागा हा अंदाज असतो. मोकळ्या आकाशातला अंदाज कोणाचे नुकसान करत नाही, पण डोळ्याच्या बाहुलीवरून गेलेला चरा भरताना थांबून विचार करावा लागतो, आणि हाताने काम करणारा तो करतो. आपल्या किनारपट्टीवर बुरशीचा प्रश्न याहून अवघड आहे. जिलेटिन हे बुरशीचे अन्न आहे. पावसाळ्याच्या दमट हवेत पत्र्याच्या डब्यात राहिलेल्या निगेटिव्हवर तिच्या शाखा पसरतात आणि त्या जिलेटिनसकट चित्र खातात. तिथे पुसण्यासारखे काही नसते, कारण खालची नोंदच गेलेली असते. अशा जागा भरलेले चित्र घरातल्या भिंतीवर लावायला हरकत नाही, पण अभ्यासासाठी ठेवायच्या प्रतीत ती हानी दिसत राहिली पाहिजे.

फिल्मच्या कणांविषयी थोडक्यात सांगायचे तर, मोबाइलच्या गुळगुळीत चित्रांना सरावलेल्या डोळ्याला ते दोष वाटतात आणि सॉफ्टवेअरमधली ‘नॉइज’ घालवणारी सोय ते पुसून टाकते. परंतु फिल्मवर चित्र हे कणांवर पसरलेले नसते, ते कणांचेच बनलेले असते. ते पुसले की कपाळ मेणाचे होते आणि धोतराचा पोत जातो.

रंग उडालेल्या चित्रांच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअरचे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या लग्नांचे अल्बम आज अनेक घरांत तांबूस पडलेले दिसतात, कारण रंगद्रव्ये एकाच वेगाने विटत नाहीत. काही कागदांवर आणि फिल्मवर निळसर हिरवे द्रव्य अंधारात ठेवूनही आधी विटते आणि बाकीच्या दोन द्रव्यांचा लाल रंग वर येतो. विटलेल्या द्रव्याची घनता शून्य झालेली नसेल, तर जे क्षीण उरले आहे ते तिन्ही रंगांच्या वक्ररेषा वेगवेगळ्या ताणून पुन्हा ठळक करता येते. डार्करूममध्ये हे जवळजवळ अशक्य होते. यासाठी स्कॅन मात्र पुरेसा खोल हवा. आठ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 च पायऱ्या असतात आणि क्षीण रंग ताणताना त्या पायऱ्या उघड्या पडून आकाशात पट्टे उमटतात. सोळा बिटांत त्या 65,536 असतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या मांडवातला हिरवा चुडा अशा रीतीने परत दिसू लागतो, तेव्हा त्यात नवे काही घातलेले नसते, फिल्मने जपलेले शेवटचे थोडे वाचवलेले असते.

याच्या नेमके विरुद्ध टोक म्हणजे कृष्णधवल चित्रांना आपोआप रंग भरणारी आणि धूसर चेहरे रेखीव करणारी आजची सॉफ्टवेअर, आणि त्यांच्याविषयी सौम्य बोलणे हा कर्तव्याचा त्याग ठरेल. ही सॉफ्टवेअर असंख्य इतर चित्रांवर शिकलेली असतात आणि समोरच्या चित्रात बहुधा काय असावे याचा अंदाज बांधतात. कृष्णधवल फिल्मने रंग नोंदवलेलाच नसतो, आणि तिने नोंदवलेला करडेपणाही फसवा असतो. एकोणिसाव्या शतकातल्या ओल्या काचपट्ट्या केवळ निळ्या आणि त्यापलीकडच्या किरणांना संवेदनशील होत्या. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली त्या काळातल्या अशा चित्रांत निळे वस्त्र पांढरट आणि हळदीचा पिवळा रंग गडद उतरतो. रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी 1873 मध्ये विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचपट्टीची संवेदना हिरव्यापर्यंत वाढवता येते हे शोधले आणि त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली; पण तांबडा तिलाही दिसत नसे, म्हणूनच ती तांबड्या दिव्याखाली धुता येई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेल्या एखाद्या चित्रात नऊवारी नेसलेल्या स्त्रीच्या कपाळावरचे कुंकू काळे ठिक्कर दिसते, ते याच कारणाने. पुढे सर्व रंग दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि तेच कुंकू करडे होऊन त्वचेत मिसळू लागले. लुगडे तांबडे होते की काळे चंद्रकळेचे, हे त्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवरून कोणीही सांगू शकत नाही. सॉफ्टवेअर मात्र ते ठामपणे रंगवून मोकळे होते. हातांनी रंगवलेली छायाचित्रे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून होती, पण त्यांतला रंग रंग म्हणूनच दिसत असे आणि पाहणाऱ्याची फसवणूक होत नसे.

चेहरा रेखीव करण्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. समूहचित्रातला नखाएवढा अस्पष्ट चेहरा अशा सॉफ्टवेअरला दिला, की ते पापण्या, दात आणि त्वचेची रंध्रे नव्याने रचून देते आणि ती पाहणाऱ्याला आठवणीहून खरी वाटतात. परंतु तो चेहरा त्या माणसाचा नसतो. अगणित अनोळखी चेहऱ्यांच्या सरासरीवर त्याची ठेवण चढवलेली असते. ज्या पणजीचे एकच छायाचित्र घरात आहे, तिच्या जागी अशी अनोळखी बाई कायमची येऊन बसते आणि पुढच्या पिढीला ती पणजी म्हणूनच माहीत होते. 2021 च्या एप्रिलमध्ये कंबोडियातील तुओल स्लेंग या तुरुंगातल्या कैद्यांची छायाचित्रे रंगवून प्रसिद्ध करण्यात आली, तेव्हा हे किती दूर जाऊ शकते ते जगाने पाहिले. ख्मेर रूज राजवटीत छळ करून मारल्या गेलेल्या माणसांची, मृत्यूपूर्वी त्यांच्याच छळकर्त्यांनी काढलेली ती चित्रे होती. रंग भरताना काही चेहऱ्यांवर हसूही आणून ठेवल्याचे मूळ चित्रांशी ताडून पाहिल्यावर दिसून आले. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने आणि मृतांच्या आप्तांनी निषेध केला आणि ती चित्रे मागे घ्यावी लागली.

हा खोटेपणा उघडकीला आला, कारण मूळ चित्रे शिल्लक होती. फिल्मच्या संपादनाला जो विशेष नैतिक आधार आहे तो इथेच आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या फाइलला तिच्याबाहेर साक्षीदार नसतो. फिल्मला असतो, हातात धरता येणारा, उजेडासमोर धरून कोणालाही वाचता येणारा. म्हणून संपादनाची खरी शिस्त सॉफ्टवेअर वापरू नये अशी नाही, तर वाट मागे जाण्यासाठी खुली राहावी अशी आहे. रंगीत निगेटिव्हचा पहिला स्कॅन नारिंगी पडद्यासकट, धुळीसकट, उलटा न करता, सोळा बिटांत जपावा. संपादन त्याच्या प्रतीवर, प्रत्येक बदल वेगळ्या थरात ठेवून करावे. काय केले त्याची दोन ओळींची टीप फाइलसोबत असावी. 35 मिलिमीटर फिल्मची 24 बाय 36 मिलिमीटरची एक चौकट इंचाला 4000 बिंदू या प्रमाणात स्कॅन केली तर सुमारे 2 कोटी 14 लाख बिंदूंची फाइल होते; आजच्या साठवणुकीच्या मानाने ती काही मोठी नाही. होमाई व्यारावाला यांच्यासारख्या वृत्तछायाचित्रकाराचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सुरक्षित आहे म्हणूनच स्वातंत्र्याच्या काळातली त्यांची चित्रे पुढच्या पिढ्यांना नव्याने, अधिक चांगल्या यंत्रांनी वाचता येतील. संस्थांना हे उमगले आहे. घरांना अजून उमगलेले नाही.

स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह रद्दीत टाकण्याची रीत गेल्या काही वर्षांत पडली आहे, आणि ती जितक्या लवकर थांबेल तितके बरे. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. त्या वितळल्या होत्या, कडक झाल्या होत्या, कोणत्याही यंत्रातून जाण्यासारख्या उरल्या नव्हत्या. तरी अमेरिकेतल्या ॲकॅडमी फिल्म आर्काइव्हने त्या फेकल्या नाहीत. वीस वर्षांनी इटलीतील बोलोन्या इथल्या तंत्रज्ञांनी द्रवांत ठेवून त्या मऊ केल्या, हातांनी सांधल्या आणि ज्या भागांचा उपयोग होऊ शकत होता ते स्कॅन केले, आणि 2015 मध्ये हे चित्रपट नव्याने पडद्यावर आले. 1993 मध्ये अशा दुरुस्तीची कल्पनाही कोणी केली नसती. ज्यांच्या घरी निगेटिव्हच्या पट्ट्या अजून आहेत त्यांनी त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आजच बाहेर काढाव्यात, आम्लरहित कागदी पाकिटांत घालाव्यात, प्रत्येकावर साल, गाव आणि माणसांची नावे पेन्सिलने लिहावीत आणि घरातल्या सर्वांत कोरड्या, थंड कपाटात ठेवाव्यात. व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल तर फिल्मची पट्टी विघटित होऊ लागली आहे असे समजून त्या इतरांपासून वेगळ्या काढाव्यात आणि त्यांचा स्कॅन सर्वांआधी करून घ्यावा.